शाळा साऱ्या गावाची

(साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात केलेले भाषण)



आज तुमचा साक्षरतेचा वर्ग पुरा होत आहे. पहिल्या दिवशी पाटीवर अक्षर गिरवताना तुमच्यातल्या कितीतरी जणांचा हात कापत होता. आता तोच हात सही करतो. हे पाहून मला फार आनंद वाटतो.

मघाशी मी आलो तेव्हा एक आजीबाई शाळेच्या दारात उभ्या होत्या. दारावरच्या पाटीकडे बघत होत्या. हवेत बोट फिरवून एकेक अक्षर लावत होत्या. 'जि-ल्हा प-रि-ष-द प्रा-थ-मि-क शा-ळा.' वाचून झाले, तशा त्या माझ्याकडे वळल्या.

म्हणाल्या, "गुर्जी, चाळीस वर्सं या दारावरनं शेताला जातीया. पाटीवर काय लिवलंय ते आज कळलं. पर मला एक सांगा. शाळा जिल्हा परिषदेची, असं हितं लिवलंय. मग ती आमची न्हाई व्हय?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. मी म्हटले, "आजी, सभेत सांगतो." तर मंडळी, आज मी तेच सांगणार आहे. शाळा कुणाची?

आपण गावाला पांढरी म्हणतो आणि शेताला काळी म्हणतो. पांढरीत आळ्या आहेत. कुंभार आळी आहे, धनगरवाडा आहे, भीमनगर आहे, मोहल्ला आहे. ओढ्यापलीकडे वडारवस्ती आहे. दिवाळीच्या सुमाराला माळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. ज्याची त्याची आळी वेगळी. देव वेगळे, सण वेगळे, जेवण वेगळे. कुणाची बोलीही वेगळी.

मग ही सगळी माणसे एका ठिकाणी कधी येतात? जत्रेला येतात. पण जत्रा वर्षातून एकदा. बाजारात येतात. पण बाजारात जो तो आपल्या घाईत. सगळ्या आळ्यांची माणसे रोज एकत्र बसतात अशी गावात एकच जागा आहे. ती म्हणजे शाळा. तिथे बसणारी माणसे लहान आहेत, एवढेच.

मी तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. माझी सगळी नोकरी उसाच्या पट्ट्यात झाली. माझ्या वर्गात मराठी बोलणारी मुले होती. घरी दखनी बोलणारी मुसलमानांची मुले होती. विजापूरकडून मजुरीला आलेल्यांची, घरी कानडी बोलणारी मुले होती. बीडकडच्या तांड्यावरून आलेली, घरी गोरमाटी बोलणारी बंजाऱ्यांची मुले होती. सगळ्यांना घंटा एकच आणि फळाही एकच.

असे एकत्र बसणे आज सोपे वाटते. पण ते आपल्याला फुकट मिळालेले नाही. आपल्याच साताऱ्याची हकिगत ऐका.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. मुलगा हुशार होता. पण तो जातीने महार होता. त्याला इतर मुलांच्या रांगेत बसू देत नसत. तो घरून तरटाचा एक तुकडा आणी. वर्गाच्या कोपऱ्यात तो अंथरून त्यावर बसे. शाळा सुटली की तो तुकडा परत घरी नेई. तहान लागली तर त्याला नळाला हात लावायची बंदी होती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळे. शिपाई नसला तर मुलगा तहानलेलाच राही.

हा मुलगा कोण, ते तुम्ही ओळखले असेल. ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. पुढे ते आपल्या देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

आता विचार करा. त्या शाळेत फळा होता. खडू होता. मास्तर होते. मुलाचे नाव पटावर होते. तरीसुद्धा ती शाळा त्या मुलाची नव्हती. पटावर नाव असणे वेगळे आणि शाळा आपली असणे वेगळे.

ही रीत मोडायला मोठ्या माणसांनी हात घातला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करायला लावल्या. सगळ्या जातींची मुले एकाच शाळेत बसली पाहिजेत, असा त्यांचा हुकूम होता.

त्याच १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. लोक त्यांना कर्मवीर म्हणतात. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातिधर्मांची पोरे राहत. एका चुलीवरचे एका पंगतीत जेवत. मुले पडेल ते कष्टाचे काम करत आणि शिकत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

म्हणजे बघा. ज्या साताऱ्यात एका मुलाला पाण्यासाठी शिपायाची वाट बघावी लागत होती, त्याच साताऱ्यात चोवीस वर्षांनी सगळी पोरे एका पंगतीला बसली.

त्या पंगतीला धान्य कुठून आले? ते काही सरकारच्या कोठारातून आले नाही. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. गळ्यातले मंगळसूत्रही मोडले. रयतेच्या घरोघरच्या बायांनी मूठ मूठ धान्य बाजूला काढून दिले. एका मुठीने कुणाचे घर बुडत नाही. पण शंभर मुठींनी पंगत उठते. आपल्यात म्हणतातच, थेंबे थेंबे तळे साचे.

आता मोठ्यांच्या गोष्टी पुरे. मी माझी स्वतःची एक चूक सांगतो. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे कुणाला सांगितली नव्हती.

पंचवीसेक वर्षे झाली. मी एका गावात तिसरीचा वर्ग शिकवत होतो. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. एके दिवशी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. काखेत लहान भाऊ. पायात काही नाही. माळावरच्या कोप्यांतली होती. मी तिला मागे बसवले.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर भाकरीचे चित्र काढले. तिला विचारले, "हे काय आहे?" ती गप्प. परत विचारले. ती गप्पच. काखेतले पोर रडायला लागले, तशी वर्गातली मुले हसली. मी मनात म्हटले, हिच्या डोक्यात काही शिरत नाही.

चौथ्या दिवसापासून ती आली नाही. कोप्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर होत्या. पण मी गेलो नाही. गावातल्याही कुणी विचारले नाही की, ती पोरगी कुठे गेली? मार्चमध्ये पट्टा पडला. ट्रकमध्ये भांडीकुंडी चढली. लोक आपल्या गावाला गेले. ती मुलगी मला पुन्हा कधीही दिसली नाही.

पुढे एका प्रशिक्षणाला माझ्या शेजारी बंजारा समाजाचे एक शिक्षक बसले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले, "आमच्या बोलीत भाकरीला बाटी म्हणतात. आईला याडी म्हणतात."

मंडळी, माझ्या काळजात चर्र झाले. त्या मुलीला भाकरी माहीत नव्हती काय? ती रोज भाकरी थापत असेल! तिला फक्त माझा शब्द माहीत नव्हता. आणि मी तिचा शब्द कधी विचारलाच नाही. मुलगी मुकी नव्हती. मीच बहिरा होतो.

त्या पुढच्या हंगामात मी ही गोष्ट पारावर बसलेल्या मंडळींना सांगितली. आधी कुणी काही बोलले नाही. एक जण म्हणाला, "गुर्जी, ती बाहेरची मान्सं. चार म्हैन्यांची वस्ती. त्यांच्या पोरांचं आपन काय करनार?"

तेव्हा पाण्याची घागर घेऊन चाललेली एक बाई थांबली. ती म्हणाली, "बाहेरची कशी? आमचा ऊस त्येच तोडत्यात. पहाटं चारला थंडीत फडात जात्यात. त्यांची पोरं पाचटावर निजत्यात. ऊस आपला म्हनायचा आन् पोरं बाहेरची म्हनायची, ह्ये कसं?"

तिच्या बोलण्याने मंडळी विचारात पडली. आम्ही चार-पाच जण कोप्यांवर गेलो. मुकादमाला भेटलो. तेव्हा खरी अडचण कळली. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांनी आधीच उचल घेतलेली असते. ती फेडायला दोघांनीही फडात गेलेच पाहिजे. मग तान्ही पोरे कोण सांभाळणार? थोरली बहीण. पाणी कोण भरणार? तीच. संध्याकाळची चूल कोण पेटवणार? तीच. त्या मुलीला शाळा नकोशी होती असे नाही. तिला शाळेत यायला हातच मोकळे नव्हते.

मुकादम म्हणाला, "गुरुजी, लहान लेकराची सोय करा. मोठं लेकरू मी स्वतः धाडतो."

ही सोय मास्तराच्या पगारातून होण्यासारखी नव्हती. ती गावानेच केली. शाळेजवळ एक आजी राहत होत्या. गुडघे दुखत म्हणून त्यांना शेतावर जाता येत नव्हते. त्या म्हणाल्या, "माझी ओसरी रिकामीच हाय. आना लेकरं." कुणी जुने लुगडे दिले, त्याची झोळी बांधली. कुणी तांब्याभर दूध द्यायला लागले. थोरल्या बहिणी वर्गात येऊन बसल्या. मधल्या सुटीत ओसरीवर धावत जायच्या, भावाला बघायच्या आणि परत यायच्या.

मीही सुधारलो. वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'आई' असा शब्द लिहिला. मुलांना म्हटले, "तुमच्या घरी हिला काय म्हणतात, ते सांगा." एक म्हणाला, माय. एक म्हणाली, अम्मी. कानडी मुलगा म्हणाला, अव्वा. मग मागच्या रांगेतून हळूच आवाज आला, याडी. ते सगळे शब्द मी आईच्या भोवती लिहिले. त्या दिवशी ती मागची मुलगी पहिल्यांदा पुढच्या रांगेत येऊन बसली. पंधरा दिवसांत आमच्या गावची पोरे एकमेकांना विचारू लागली, "बाटी खाल्लीस काय?"

कुणी म्हणेल, अशाने मराठी बिघडेल. तसे काही होत नाही. मुलाला आपल्या घरच्या शब्दावरून शाळेच्या शब्दावर यावे लागते. ओढा ओलांडताना आधी अलीकडच्या दगडावर पाय ठेवावा लागतो. अलीकडचा दगडच काढून घेतला तर पोर ओढ्यात पडेल.

त्याच वर्षी पावसाने शाळेच्या आवाराची भिंत ढासळली होती. वडारवस्तीतला एक बाप पोराला सोडायला आला. त्याने भिंत बघितली आणि म्हणाला, "गुर्जी, दगड आना. भिंत मी घालतो." एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने दगड आणून टाकला. मोहल्ल्यातल्या तरुण पोरांनी पाणी आणि वाळू वाहिली. आठ दिवसांत भिंत उभी राहिली. त्या वडाराच्या मुलाने आम्हाला हिशेब शिकवला. एका हाताला किती दगड लागतात, तर वीस हातांना किती लागतील? पुस्तकातले गणित मुलांना अवघड जात होते. भिंतीचे गणित झटकन कळले. तो मुलगा त्या दिवशी वर्गाचा मास्तरच झाला म्हणा ना! गाव करील ते राव काय करील, ही म्हण मी त्या भिंतीपाशी पुरती शिकलो.

पण सगळेच गोड झाले असे मी सांगणार नाही. पुढे काही वर्षांनी शाळेत दुपारचा शिजवलेला आहार सुरू झाला. खिचडी शिजवायला समितीने एक गरीब विधवा बाई नेमली. तिच्या जातीवरून कुजबुज सुरू झाली. दोन घरांनी मुलांना जेवू नका म्हणून बजावले. एका घराने तर मुलगा शाळेतच पाठवला नाही.

मी त्या घरी जाऊन समजूत घातली. उपयोग झाला नाही. मग एके दिवशी दुपारी त्या ओसरीवरच्या आजी काठी टेकत शाळेत आल्या. गावात त्यांच्या वयाला मान होता. कुणाशी काही बोलल्या नाहीत. पंगतीत मुलांच्या मध्ये मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "वाढ गं बाई मलाबी." खिचडी खाल्ली. ताट स्वतः धुतले. आणि गेल्या. दुसऱ्या दिवशीपासून त्या दोन घरची मुले जेवू लागली. तिसऱ्या घराने मात्र मुलाचा दाखला काढून नेला. ते पोर जाताना सारखे मागे वळून बघत होते. त्याच्या मनात काहीच नव्हते. वेगळेपण पोरे आईच्या पोटातून घेऊन येत नाहीत. ते आपण घरी शिकवतो.

मंडळी, आता कायद्याचे थोडे सांगतो. हे नीट ध्यानात ठेवा. आता तुम्ही वाचू शकता, म्हणून कायदा तुमच्या उपयोगाचा झाला आहे.

२००९ मध्ये आपल्या संसदेने शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळणे हा त्याचा हक्क आहे. हे दान नव्हे, उपकारही नव्हे.

जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला शाळेत घ्यायचे नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी मुलाला बसवून घ्यावेच लागते. वर्ष अर्धे झाले असले तरी प्रवेश द्यावा लागतो. पोटासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेण्याची जबाबदारी जिथे ते राहतात तिथल्या स्थानिक संस्थेवर आहे. जातीवरून, धर्मावरून मुलाला वेगळे बसवता येत नाही. मुलाला मारता येत नाही. त्याचा पाणउतारा करता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी तोडीला जात असाल तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. निघण्याआधी मुलाच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवले की तिकडच्या शाळेत मुलाचा वर्ग कोणता, हे लगेच कळते. आणि मूल आजी-आजोबांपाशी गावातच ठेवता येण्यासारखे असेल, तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. या कायद्याने शाळेला एक समिती दिली आहे. तिला शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात. या समितीत चार माणसांमागे तीन माणसे मुलांचे आईबाप असली पाहिजेत. समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. मागे राहिलेल्या समाजांच्या मुलांचे आईबापही त्यांच्या प्रमाणात असले पाहिजेत. शाळेला मिळालेला पैसा कुठे खर्च झाला, मास्तर वेळेवर येतात की नाही, मुलांना आहार नीट मिळतो की नाही, हे सगळे बघण्याचा अधिकार या समितीला आहे.

पण मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे. समितीची वही घेऊन शिपाई घरोघर फिरायचा. बाई शेण काढता काढता हात धुवायची आणि अंगठा उठवायची. वहीत काय लिहिले आहे ते तिला माहीत नसायचे. समितीत तिचे नाव होते, पण तिचे मत नव्हते. नाव पटावर असलेल्या, पण कोपऱ्यात तरटावर बसवलेल्या मुलासारखीच तिचीही गत!

बायांनो, आता तसे होऊ देऊ नका. यापुढे वही दारात आली तर म्हणा, "सभा शाळेत घ्या. मी येते. आधी वाचते, मग सही करते." वाचायला वेळ लागला तर लागू द्या. बोट धरून वाचा. कुणी हसले तर हसू द्या.

आणखी एक संकट आज पुष्कळ गावांवर आले आहे. ज्यांच्याकडे थोडा पैसा आहे, ते मुलांना गाडीत बसवून तालुक्याच्या शाळेत पाठवतात. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या लेकराचे भले कुणाला नको असते? पण याचा परिणाम काय होतो, ते बघा. गावच्या शाळेचा पट उतरतो. शाळेत गरिबांचीच मुले राहतात. मग गावातल्या जाणत्या माणसांचे शाळेकडचे लक्ष उडते. खिडकी मोडली तर कुणाला कळत नाही. मास्तराची बदली झाली आणि दुसरा आला नाही, तर कुणी तालुक्याला अर्ज देत नाही. आणि गावातली पोरे लहानपणी एकमेकांच्या शेजारी बसलीच नाहीत, तर मोठेपणी एकमेकांना ओळखणार कशी? उद्या बांधावरून तंटा झाला तर मिटवणार कोण? ज्यांनी एका पाटीवर अक्षर काढले, त्यांचे भांडण झाले तरी ते तुटेपर्यंत ताणत नाहीत. हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

म्हणून माझे सांगणे असे. तुमचे मूल या शाळेत असो की नसो, या शाळेवरचा हात काढू नका. ज्याला विहीर खणता येते त्याने विहिरीची गोष्ट मुलांना सांगावी. ज्याला गाडगी घडवता येतात त्याने चाक फिरवून दाखवावे. ज्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात तिने त्या म्हणाव्यात. मोहल्ल्यातल्या आईने ईदचा शिरखुर्मा कसा करतात ते सांगावे. कोप्यांतल्या बाईने आपल्या घागऱ्यावरचे आरशांचे काम दाखवावे. यात पैसा लागत नाही. पण ज्या मुलाची आई शाळेत येऊन चार शब्द सांगते, ते मूल दुसऱ्या दिवशी ताठ मानेने वर्गात बसते. इतर मुले त्याच्याकडे नव्या नजरेने बघतात.

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

आजी, पाटीवर लिहिले आहे ते खरे आहे. ही शाळा जिल्हा परिषदेची आहे. इमारत, मास्तर, पुस्तके ही तिची जबाबदारी आहे. ती तिने पार पाडलीच पाहिजे. नाही पाडली तर आपण अर्ज लिहून विचारले पाहिजे. आता तो अर्ज आपल्याला लिहिता येतो.

पण शाळा आपली होते ती पाटीमुळे होत नाही. ज्या दिवशी कुणाचेही पोर शाळेत दिसले नाही तर गाव विचारते, 'ते कुठे आहे?', त्या दिवशी ती शाळा गावाची होते. माळावरच्या कोप्यांतल्या पोराबद्दलही गाव हाच प्रश्न विचारते, त्या दिवशी ती साऱ्या गावाची होते. पंचवीस वर्षांपूर्वी एका मुलीबद्दल हा प्रश्न मी विचारला नाही. गावानेही विचारला नाही. ती मुलगी आज तीस-पस्तीस वर्षांची बाई असेल. कुठल्या तरी फडात कोयता चालवत असेल. कदाचित तिची मुलगी यंदा तुमच्या माळावर येईल.

म्हणून एवढेच करा. उद्या सकाळी शाळेची घंटा झाली की, आपापल्या आळीत एक फेरी मारा. माळावरही जाऊन या. कुणाचे पोर घरी राहिले आहे ते बघा. रागावू नका. आधी त्याची अडचण विचारा. मग त्याचा हात धरा आणि त्याला या दारापाशी आणून सोडा. दारावरची पाटी त्याला वाचून दाखवा. आता तुम्हाला ती वाचता येते.

सर्वांना माझा रामराम, सलाम आणि जयभीम.